आधी घरातलं काम ठरवा, मग गेम निवडा: जनुकीय आजार असलेल्या मुलांसाठी संगणकावरचा सराव

डाऊन सिंड्रोम, फ्रॅजाइल एक्स, टर्नर, विल्यम्स, २२क्यू११ डिलीशन. यातलं एखादं निदान हातात पडलं की काही महिन्यांत कोणी ना कोणी पालकांना सांगतंच, "मेंदूच्या व्यायामाचं एक ॲप आहे, रोज वीस मिनिटं करून घ्या, फरक पडेल." फरक पडतो. पण कशात पडतो आणि कशात नाही, हे आधी कळलं तर पैसा, वेळ आणि मुलाची चिकाटी वाया जात नाही. पुण्यात राहून, घरच्या टॅबवर किंवा जुन्या लॅपटॉपवर हे काम कसं उभं करायचं ते इथे क्रमाने सांगते.

अपेक्षा किती ठेवायची

या प्रशिक्षणाचा सगळ्यात जास्त अभ्यासला गेलेला प्रकार म्हणजे वर्किंग मेमरीचा सराव. ऐकलेलं किंवा पाहिलेलं काही क्षण मनात धरायचं आणि त्यावर काम करायचं, ही ती क्षमता. "डबा ओट्यावर ठेव आणि हात धुऊन ये" यातला पहिला भाग वाक्य संपेपर्यंत ज्या मुलाच्या मनातून निसटतो, ते इथेच अडलेलं असतं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधले तोर्केल क्लिंगबर्ग यांच्या संशोधनातून यासाठी कॉगमेड हा प्रोग्राम आला. आठवड्याला पाच दिवस, पाच आठवडे, एकूण २५ बैठका हा त्याचा मूळ साचा.

ब्रिटनमध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या, ७ ते १२ वयाच्या २१ मुलांनी कॉगमेडचा लहान मुलांसाठीचा प्रकार वापरला. त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. पडद्यावर काय कुठे दिसलं होतं हे लक्षात ठेवण्यात मुलं सुधारली, आणि काही महिन्यांनी पाहिलं तेव्हाही ती सुधारणा टिकून होती. शब्दांच्या स्मरणात मात्र तसा फायदा दिसला नाही. अमेरिकेत फ्रॅजाइल एक्स असलेल्या १०० मुलामुलींवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे एका गटाला मुलाच्या प्रगतीनुसार अवघड होत जाणारा प्रोग्राम दिला, दुसऱ्याला कायम सोपाच राहणारा. दोन्ही गट सुधारले. घरून आणि शाळेतूनही लक्ष वाढल्याचं कळवलं गेलं. पण दोन गटांमध्ये म्हणावा असा फरक निघाला नाही! म्हणजे सुधारणेचं श्रेय प्रोग्रामच्या वाढत्या काठिण्यपातळीला देता येत नाही. रोज ठरावीक वेळी, मोठ्या माणसाशेजारी बसून, एक काम शेवटपर्यंत नेण्याचा त्यात वाटा असू शकतो. त्याच चाचण्या पुन्हा दिल्यामुळे गुण वाढण्याचाही असू शकतो.

२०१३ च्याच एका मोठ्या आढाव्याने हेच वेगळ्या बाजूने दाखवलं होतं. सरावाशी मिळतीजुळती कामं सुधारतात, वाचन आणि गणित त्यातून आपसूक सुधारत नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की सुरुवात उलट्या टोकाकडून करा. मुलाच्या दिवसातलं कोणतं काम सुधारायला हवं ते आधी ठरवा, त्याला लागणारी क्षमता ओळखा आणि मग तेवढ्यापुरता गेम शोधा.

पहिली पायरी: एका ओळीत एक काम

वही घ्या आणि एकच काम लिहा. "लक्ष वाढावं", "हुशारी यावी" असं नको, कारण ते मोजता येत नाही. असं लिहा: "दोन भागांची सूचना पुन्हा न सांगता पूर्ण करेल." किंवा "वाण्याकडे जाऊन तीन वस्तू चिठ्ठीशिवाय सांगेल." किंवा "वेळापत्रक बघून दप्तर भरेल."

हे काम आजी-आजोबा, शाळेच्या ताई आणि शक्य असेल तर मूल स्वतः, सगळ्यांना विचारून ठरवा. आईला गणित महत्त्वाचं वाटत असतं, आणि मुलाला खाली सोसायटीत इतर मुलांच्या खेळात आपला नंबर कधी येतो ते कळत नसतं. अशा वेळी मी मुलाच्या बाजूने कौल देते. ज्या कामाची त्याला स्वतःला गरज आहे, त्यासाठी ते जास्त दिवस टिकून बसतं.

दुसरी पायरी: कान, डोळे, झोप, मग मानसशास्त्रीय चाचणी

या पायरीवर घाई होते. डाऊन सिंड्रोममध्ये कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येणं फार आढळतं. थायरॉइड मंद असणं, चष्म्याची गरज, झोपेत श्वास अडकणं हेही नेहमीचं. रात्री घोरणारं, तोंड उघडं ठेवून झोपणारं मूल सकाळी पडद्यासमोर पेंगत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. ज्या आजारांत फिट येतात, उदाहरणार्थ ट्युबरस स्क्लेरोसिस किंवा अँजेलमन सिंड्रोम, त्यांत मेंदूविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय झगमगणारे, उघडझाप करणारे गेम लावूच नका.

मग चाचणी. आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ साधारणपणे बिने-कामत, मालिन यांची भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन चाचणी आणि रोजच्या व्यवहारातली स्वावलंबनाची पातळी पाहणारी व्हाइनलँड श्रेणी वापरतात. मालिन चाचणी सहाव्या वर्षापासून पुढे चालते. पुण्यात ससून, केईएम रुग्णालयाचं बालविकास केंद्र, ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका अशा ठिकाणी चौकशी करता येईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर लवकर हस्तक्षेपाची केंद्रं आहेत, आणि १८ वर्षांपर्यंतची मुलं या कार्यक्रमात येतात. सरकारी दवाखान्यात गेलात तर डीईआयसी कुठे आहे असं विचारा, हेच नाव तिथे चालतं.

अहवाल हातात आला की बुद्ध्यांकाच्या आकड्यावर थांबू नका. मानसशास्त्रज्ञांना समोर बसून विचारा: पाहून लक्षात ठेवणं बरं आहे की ऐकून? एकामागून एक येणारी माहिती जमते की सगळं चित्र एकदम दिलं तर बरं जमतं? वेळेचं बंधन नसेल तर गुण वाढतात का? या तीन उत्तरांवरून गेम निवडता येतो.

तिसरी पायरी: आजाराप्रमाणे मांडणी बदला

एकच प्रोग्राम सगळ्यांना लावण्याची पद्धत मला मान्य नाही. जनुकातला बदल वेगळा, तशी मुलाची बलस्थानं आणि अडचणीही वेगळ्या असतात. अर्थात एकाच निदानाची दोन मुलंही सारखी नसतात, त्यामुळे पुढचं सगळं आपल्या मुलाच्या अहवालाशी ताडून घ्या.

डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत असते. या मुलांची पाहून लक्षात ठेवण्याची बाजू ऐकून लक्षात ठेवण्यापेक्षा बहुधा बरी असते. म्हणून नुसत्या आवाजी सूचनांचा गेम टाळा आणि प्रत्येक शब्दासोबत चित्र असलेला घ्या. चुकीच्या उत्तराला "टँऽऽ" असा आवाज करणारे गेम ही मुलं दोन दिवसांत सोडून देतात, किंवा मुद्दाम चुकीचं बटण दाबून त्या आवाजावर हसत बसतात. दहापैकी आठ-नऊ उत्तरं बरोबर येतील इतक्या सोप्या पातळीपासून सुरू करा. बोटांमध्ये जोर कमी असतो, त्यामुळे माऊसऐवजी टचस्क्रीन आणि मोठाली चित्रं बरी.

फ्रॅजाइल एक्समध्ये एफएमआर१ जनुकातला बदल कारणीभूत असतो आणि मुलग्यांवर परिणाम जास्त तीव्र दिसतो. इथे खरी अडचण घाबरेपणाची आणि चटकन उत्तेजित होण्याची. समोर बसून डोळ्यांत बघू नका, शेजारी बसा. घड्याळाचे काटे पळणारे गेम नकोत. पायरीपायरीने येणाऱ्या माहितीपेक्षा सगळं एकदम दिसणारं चित्र त्यांना सोपं जातं, म्हणून जिगसॉ आणि जोड्या लावण्यापासून सुरू करून हळूहळू क्रम लक्षात ठेवण्याच्या कामाकडे न्या. आज किती खेळ होणार ते चित्रांच्या पट्टीवर आधीच दाखवा आणि त्यात ऐनवेळी एकही वाढवू नका.

टर्नर सिंड्रोम असलेल्या मुली बोलण्या-वाचण्यात चांगल्या असतात, पण अंतर, दिशा आणि संख्यांचा अंदाज यांत अडतात. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा मुलींच्या लहानशा गटाला घरी सहा आठवडे संख्याज्ञानाचा संगणकी सराव दिला, आणि गणिती कौशल्यात वाढ दिसली. गट लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे ध्यानात ठेवूनही दिशा योग्य वाटते. कारण ज्यात अडचण होती त्याचाच सराव दिला होता.

विल्यम्स सिंड्रोममध्ये मूल इतकं गोड आणि भरभरून बोलतं, की त्याला ठोकळे रचायला किंवा नकाशा वाचायला किती जड जातं हे कोणाच्या लक्षात येत नाही. त्याची भाषाच मदतीला घ्या. पडद्यावर रस्ता शोधताना "वर, मग उजवीकडे, मग खाली" असं मोठ्याने म्हणायला लावा. टॅबचा आवाज मात्र बंद ठेवा, कारण साध्या बीपनेही यातली पुष्कळ मुलं कान झाकून घेतात.

२२क्यू११ डिलीशनमध्ये, म्हणजे २२ व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गहाळ असताना, नियोजन आणि गणित या अडचणी शाळा वाढत जाते तशा उघड होतात. या मुलांसाठी "आधी काय, नंतर काय" ठरवायला लावणारे गेम निवडा. किशोरवयात मूल अचानक गप्प झालं, विचित्र भीती सांगू लागलं, तर गेमला दोष देत थांबू नका. या आजारात मनोविकाराचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो, लगेच डॉक्टरांना सांगा.

प्रेडर-विली सिंड्रोममध्ये मुलाची भूक शमतच नाही. तिथे एकच नियम, पण तो कडक पाळायचा: बक्षीस खाण्याचं नसावं. गोळी नको, चुरमुरे नकोत, आणि पडद्यावर केक-पिझ्झा जमवायचे गेमही नकोत. या मुलांना जिगसॉ मनापासून आवडतं, तेच बक्षीस म्हणून ठेवा. ड्यूशेन, म्हणजे स्नायू दुबळे होत जाण्याचा आजार असलेल्या मुलाचे खांदे लवकर थकतात, म्हणून कोपर टेकेल अशी उंची ठेवा आणि बैठक दहा मिनिटांवर थांबवा. रेट सिंड्रोममध्ये हातांचा वापर हरवतो, म्हणून हाताऐवजी नजरेने चालणारं उपकरण लागतं, ते तज्ज्ञांशिवाय घरी सुरू करू नका.

चौथी पायरी: प्रोग्राम निवडणं

मेंदूचे गेम विकणाऱ्या ल्युमॉसिटीच्या कंपनीने फसव्या दाव्यांच्या प्रकरणात २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून २० लाख डॉलर भरले. ही माहिती विक्रेत्यासमोर बसताना मनात असू द्या. "शाळेतले गुण वाढतील" असं कोणी म्हणालं तर कोणत्या आजाराच्या, किती वयाच्या मुलांवर हे पाहिलं आणि तुलनेला दुसरा गट होता का, एवढं विचारा. वर्षाची वर्गणी एकदम भरू नका. आधी मोफत चाचणी मागा, आणि गेमची पातळी आपल्या हाताने खाली आणता येते का ते बघा. ते जमत नसेल तर पुढे जाऊ नका.

बहुतेक घरांना सुरुवातीला पैसे खर्च करायची गरजच नसते. जीकॉम्प्री हा मोफत, खुला प्रोग्राम साध्या लॅपटॉपवर आणि अँड्रॉइड टॅबवर चालतो, इंटरनेट लागत नाही, जाहिराती नाहीत. २ ते १० वर्षांसाठीचे जोड्या लावणं, क्रम ओळखणं, मोजणं असे भरपूर खेळ त्यात आहेत. बारा वर्षांच्या मुलालाही त्यातले बरेच चालतात, फक्त फार बाळबोध चित्रं असलेले गाळा. वाढत्या वयाच्या मुलाला बाळासारखं वागवलेलं कळतं आणि ते खट्टू होतं.

सूचना इंग्रजीत असतील तर आवाज बंद करा आणि मराठीत तुम्ही बोला. वाक्य छोटं आणि रोज तेच ठेवा: "बघ. कुठे दिसलं? आता तू दाखव." आकडे मात्र शाळेत ज्या भाषेत शिकवतात त्याच भाषेत म्हणा, नाहीतर मुलाला स्मरणासोबत भाषांतराचंही ओझं होतं.

पाचवी पायरी: जागा आणि साधनं

पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. पाय टेकले की पाठ सरळ राहते, आणि शिथिल स्नायूंच्या मुलाला हात स्थिर ठेवता येतो. पडदा हाताच्या अंतरावर, खिडकीकडे पाठ नसलेल्या जागी हवा. अँड्रॉइडमध्ये ॲप पिनिंग, आयपॅडमध्ये गायडेड ॲक्सेस सुरू करा, म्हणजे मूल मध्येच व्हिडिओंवर उडी मारणार नाही. सूचना-संदेश बंद करा. टॅबचा स्टँड, मोठ्या बटणांचा माऊस, लहान स्पीकर हे तपकीर गल्लीत पाहायला मिळेल, मुलाला सोबत नेऊन त्याच्या हातात देऊन बघा.

हा वेळ मुलाच्या एकूण स्क्रीनच्या वेळेत धरायचा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखाली स्क्रीन नको, २ ते ५ वयात दिवसाला एका तासाच्या आत आणि ५ ते १० वयात दोन तासांच्या आत. कार्टून तेवढंच ठेवून वर सराव चढवला तर हा हिशेब बिघडतो.

सहावी पायरी: पहिला आठवडा पडद्याबाहेर

टॅब उघडण्याआधी तोच खेळ हाताने खेळा. तीन उलट्या वाट्या आणि एका वाटीखाली शेंगदाणा, प्रेडर-विली असेल तर बटण. झाका, पाचपर्यंत मोजा, "कुठे आहे?" विचारा. तुळशीबागेतल्या भातुकलीतली भांडी ओळीत मांडा, मुलाला डोळे मिटायला सांगा आणि एक उचला: काय गेलं? नियम हाताला कळला की पडद्यावर मुलाची ताकद खेळ समजून घेण्यात खर्च होत नाही.

याच आठवड्यात सुरुवातीची नोंद घ्या. रोज संध्याकाळी दोन भागांच्या पाच सूचना द्या, पुन्हा न सांगता किती पूर्ण झाल्या ते लिहा. शिकवू नका, ओरडू नका, फक्त लिहा.

सातवी पायरी: रोजची बैठक

लहान मुलांना आणि डाऊन सिंड्रोम असलेल्यांना पंधरा मिनिटं, आठवड्याला चार दिवस, आठ ते दहा आठवडे, हा वेग मूळ पाच आठवड्यांच्या साच्यापेक्षा मानवतो. शाळा सकाळची असेल तर दुपारच्या झोपेनंतर, दुपारची असेल तर नाश्त्यानंतर. लक्षासाठीचं औषध चालू असेल तर त्याचा अंमल असतानाची वेळ डॉक्टरांना विचारून घ्या.

कधी सुरू करायचं याचाही विचार करा. जूनमध्ये नवा वर्ग, नव्या बाई, नवं सगळं. पेठांमध्ये राहत असाल तर गणपतीचे दहा दिवस ढोल-ताशात कोणतंच मूल स्थिर बसणार नाही, आवाजाला घाबरणारं तर नाहीच. दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचे आठवडे सगळ्यात बरे. दुरुस्तीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते, तोच सुट्टीचा दिवस धरा.

शेजारी बसणारं माणूस एकच असावं, निदान पहिले तीन आठवडे. आजोबा बसणार असतील तर उत्तमच, फक्त त्यांना एक विनंती करा: मुलाचं बोट धरून बरोबर चित्रावर नेऊ नका. प्रेमापोटी होतं ते, पण मग सराव आजोबांचा होतो. दहापर्यंत मनात मोजा, मग इशारा द्या, तरी जमलं नाही तर पातळी खाली आणा. "शाब्बास" पेक्षा "तू नीट बघून मग दाबलंस" असं नेमकं बोला. रडारड झाली, अंग तापलं, रात्री झोप झाली नसेल तर त्या दिवशी बैठक नाही. भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पटही नाही.

आठवी पायरी: पडद्यावरून घरात

सगळ्यात जास्त मेहनत इथे करा. बैठक संपली की लगेच दहा मिनिटं तीच क्षमता खऱ्या कामात वापरायची. पडद्यावर तीन दिव्यांचा क्रम जमला, तर स्वयंपाकघरात तीन गोष्टींचा क्रम: "चमचा, वाटी, मीठ." जमत असलेल्या संख्येपेक्षा एक कमी ठेवून सुरू करा, कारण घरात गेमपेक्षा गोंधळ जास्त असतो. मग जागा बदला. आधी घरात, मग शेजारच्या काकूंकडे निरोप, मग कोपऱ्यावरचा वाणी. शनिवारी मंडईत "कोथिंबीर, लिंबं, गाजर" लक्षात ठेवून मुलानेच मागायचं. भाजीवाल्या मावशींना आधी सांगून ठेवा, त्या थांबतात.

मुलाला युक्तीही शिकवा. शब्द ओठांत पुटपुटत राहणं, एकेका वस्तूसाठी एकेक बोट मिटणं, डोळ्यांसमोर चित्र आणणं. गेममध्ये वापरलेली युक्ती बाहेर वापरायची असते हे या मुलांना बहुधा आपणहून सुचत नाही. म्हणून प्रत्येक वेळी म्हणा, "टॅबवर बोटं मिटली होतीस ना? तसंच."

नववी पायरी: वहीतले तीन रकाने

आठवड्यातून एकदा तीन नोंदी करा. पहिल्या रकान्यात गेमची पातळी. दुसऱ्यात सराव न केलेलं पण मिळतंजुळतं काम, उदाहरणार्थ टाळ्यांचा ठेका ऐकून तसाच वाजवणं. तिसऱ्यात पहिल्या दिवशी लिहिलेलं घरातलं काम. पहिला रकाना हमखास वाढतो, त्याने हुरळून जाऊ नका. निर्णय तिसऱ्यावर घ्यायचा.

आपली नजर आशेने भारलेली असते, फ्रॅजाइल एक्सच्या त्या अभ्यासात दिसलेल्या सुधारणेतही तिचा वाटा असू शकतो. म्हणून शाळेच्या ताईंना सराव कधी सुरू केला ते न सांगता, महिन्यातून एकदा मुलाच्या सूचना पाळण्याबद्दल लिहून द्यायला सांगा.

दहावी पायरी: कधी थांबायचं

सहा आठवड्यांत तिसरा रकाना हलला नाही, तर गेम बदलण्याआधी आठव्या पायरीतलं घरकाम बदला आणि दोन आठवडे द्या. तरीही नाही, तर थांबा. मूल टॅबसाठी आकांडतांडव करू लागलं, किंवा झोप बिघडली, तर त्याआधीच थांबा. आणि या सरावासाठी स्पीच थेरपी किंवा ओटीची (ऑक्युपेशनल थेरपीची) एकही वेळ सोडू नका. हिंजवडीहून शहरात येण्या-जाण्यात संध्याकाळ जाते, मान्य आहे, पण टॅब हा त्याला पर्याय नाही.

खर्चाच्या बाजूने एक चौकशी जरूर करा. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची. त्यात थेरपीचाही समावेश होतो. ॲपची वर्गणी मिळेल असं धरून चालू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मूल बसत असेल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, लवकर काढा, शाळेतल्या सवलतींसाठीही तेच लागतं.

सराव जमला आणि काम साधलं, तर तीन महिने पडद्याशिवाय जाऊ द्या आणि तिसरा रकाना पुन्हा भरा. टिकलं असेल तर वहीत दुसरं काम लिहा. बुद्धिमापन चाचणी निदान वर्षभर पुन्हा करून घेऊ नका, ओळखीच्या प्रश्नांमुळे गुण फुगतात. करायला जाल तेव्हा ही वही सोबत न्या आणि मानसशास्त्रज्ञांना तिसरा रकाना आधी दाखवा.